दरी बंद करायची तर पाणी बघून करा, तारीख बघून नको

प्रति,
सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील जिल्ह्यांचे मा. जिल्हाधिकारी,
तसेच वन व वन्यजीव विभागाचे मा. अधिकारी

विषय : गड, धबधबे, दऱ्या आणि अभयारण्यांतल्या पर्यटनावर दरवर्षी घातल्या जाणाऱ्या हंगामी बंदीबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

अकोले तालुक्यात, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या आत आमचं लहानसं गाव आहे. पावसाळ्यात भातशेती आणि बाकीचे दिवस वाटाड्या, असं माझं पंधरा-सोळा वर्षं चाललंय. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईहून पोरं येतात, त्यांना डोंगर दाखवायचा आणि घरी आणून पिठलं-भाकरी वाढायची. पर्यटन बंद पडलं तर ते सगळ्यात आधी माझ्याच चुलीला कळेल. तरी हे पत्र बंद करण्याविषयीच आहे. कधी बंद करायचं, कुणी करायचं, आणि केलं तर त्या दिवसाची झळ कुणी सोसायची, याविषयी.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील.

२४ मे २०२५, शनिवार. अकरा जणांची बॅच होती आणि एका अरुंद घळीत उतरायचं होतं. घळीचं नाव लिहीत नाही. लिहिलं की पुढच्या शनिवारी तिथंच गाड्या लागतात. दोन्ही अंगांना ताशीव कातळ, काही ठिकाणी दोन माणसं शेजारी उभी राहणार नाहीत एवढी फट. एकदा आत गेलं की पुढं नाहीतर मागं, वर निघायला वाट नाही. तोंडाशी फलक होता, अमुक तारखेपासून पावसाळा संपेपर्यंत प्रवेश बंद. ती तारीख यायला अजून आठवडा होता. सकाळी आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. न बघताच म्हणाली, "डोंगरानं टोपी घातलीय. आज खाली नको जाऊ." माझ्या डोक्यात अकरा ताटांचा हिशोब. पोरं रात्रभर बसमधून आलेली, त्यांच्या लीडरनं पैसे आगाऊ घेतलेले. म्हटलं, दुपारच्या आत वर येतो.

निम्म्यात पोचलो तेव्हा आमच्या अंगावर थेंबसुद्धा नव्हता. शहरातल्या माणसाला हे पटवणं अवघड जातं. घळीतलं पाणी घळीवर पडत नाही, वरच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळपठारावर पडतं, बरंच मागं. डोक्यावर आभाळाची निळी चिंधी दिसत असते आणि पाणी निघालेलं असतं. पहिल्यांदा वास आला, भिजलेल्या मातीचा. मग डबक्यातलं नितळ पाणी बघता बघता चहाच्या रंगाचं झालं. मग पालापाचोळा आला, कारवीच्या काड्या आल्या. आजोबा सांगायचे, पाणी तांबडं झालं की विचार करायचा नाही, चढायचं. अकराही जणांना एकेक करून डाव्या हाताच्या कातळटप्प्यावर घेतलं, पुरुषभर उंच. शेवटच्या पोराला ओढला तेव्हा त्याचा एक बूट खाली राहिला तो राहिलाच. साडेतीन तास तिथं बसून होतो. कुणी बोलत नव्हतं, एक मुलगी तेवढी सारखी माणसं मोजत होती. कुणाला काही झालं नाही, म्हणून ही गोष्ट पेपरात आली नाही.

त्याच दिवशी मान्सून केरळात पोचल्याचं जाहीर झालं, नेहमीच्या १ जूनच्या आठवडाभर आधी. फलकावरच्या तारखेला हे कुणी कळवलं नव्हतं.

आता तारखांचंच बघा. मुंबईत मान्सून यायची सर्वसाधारण तारीख ११ जून धरतात. २०२३ साली तो २५ जूनला आला. २०२५ साली २६ मेला आला, इतक्या लवकर तो आल्याची नोंद नाही. दोन वर्षांच्या आत महिनाभराचा फरक. ऋतू नुसता पुढं-मागं सरकला असता तर आपण फलक नव्यानं रंगवून मोकळे झालो असतो. पण त्याचा खुंटाच उपटलाय, दावं तोडलेल्या बैलासारखा कधी इकडं कधी तिकडं. आणि येतो तेव्हा एका दमात येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली मांडलं, की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्या, आणि त्यामागं अरबी समुद्रावरून मधूनच येणारे बाष्पाचे जोरदार लोट आहेत. हवा एका अंशानं तापली की साधारण सात टक्के जास्त बाफ धरते, एवढं शास्त्र आमच्या शाळेतल्या पोरांनाही आता येतं. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला, आणि त्याच पावसात खाली महाड तालुक्यातलं तळीये दरडीखाली गेलं. मराठवाड्यात काही गावांना अख्ख्या हंगामात एवढा मिळतो.

यावर आपल्याकडं काय होतं? माणसं गेली की आदेश निघतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, लहान मुलांसकट. ती खोल पाण्यात पोहायला गेली नव्हती, ओढ्यात उभी होती आणि पाणी वाढलं. लगेच जुलैचे मनाई आदेश निघाले. आठवड्यानं, ७ जुलैला, रायगडाच्या पायऱ्यांचा धबधबा झाला आणि लोक मधेच अडकले, गड बंद. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीसकट खाली आला, चार जण गेले, पुन्हा आदेश. पूर्वी कलम १४४ म्हणायचे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ म्हणतात. कागद तोच.

माझं या आदेशांशी भांडण नाही. घाबरलेल्या प्रशासनानं काहीच न करण्यापेक्षा हे बरं. पण आम्ही पायथ्याला बसून बघतो ते सांगतो. महिनाभराची सरसकट बंदी पहिले दोन शनिवार पाळली जाते. तिसऱ्या शनिवारी ऊन पडतं, ओढा लहान मुलासारखा खेळत असतो, आणि दोरी धरून उभ्या हवालदारालाच वाटतं की आपण उगीच अडवतोय. त्या दिवशी बंदीची लाज जाते. मग चौथ्या शनिवारी खरोखर अडवायचं असतं तेव्हा कुणी ऐकत नाही. दुसरं म्हणजे, नावाजलेला धबधबा बंद केला की गाड्या परत जात नाहीत, पुढच्या बिननावाच्या ओढ्याला जातात. तिथं दोरीही नसते आणि वाट माहीत असलेला माणूसही नसतो.

आणि यादीवर फार विसंबू नका. इरसालवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे १९ जुलै २०२३ च्या रात्रीनंतर विधिमंडळातच सांगितलं गेलं. वर्षानुवर्षं ट्रेकर तिथूनच इरसालगड चढायचे, वाडीतल्या ठाकर घरांत चहा प्यायचे. यादी मागच्या पावसावरून बनते. पाऊस आता मागच्यासारखा राहिलेला नाही.

हवामान खात्याचे रंगीत इशारे आम्ही बघतो, मोबाईलला रेंज असली तर. पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिकच्या घाटमाथ्यासाठी आता वेगळा इशारा येतो, हे फार चांगलं झालं. तरी तो मोठ्या पट्ट्याचा आणि दिवसाचा असतो. एकट्या आमच्या तालुक्यात घाटघरचा पाऊस हजारांत मोजतात आणि तालुक्याच्या गावाचा शेकड्यांत. राज्याच्या महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळनिहाय बसवली, ती पिकांच्या सोयीनं. सड्यावर अर्ध्या तासात काय पडलं ते त्यांना कसं कळावं? ते कळतं गुरं घेऊन वर गेलेल्या माणसाला. त्याला कुणी विचारत नाही.

आता मागणी. एकाच गोष्टीभोवती आहे, म्हणून जरा फोड करून सांगतो.

उघडायचं-बंद करायचं ते तारखेवरून नको, जागेवरच्या पाण्यावरून ठरू द्या. यात नवं काही नाही. कासच्या पठाराचा हंगाम दरवर्षी फुलं बघून जाहीर होतो, आधी छापलेल्या तारखेवर नाही. तिथं रोजच्या माणसांना मर्यादा आहे, ऑनलाइन नोंदणी आहे, गावांची समिती आहे. कुरकुर होते, पण चालतं. फुलांसाठी जे जमतं ते माणसांच्या जिवासाठी का जमू नये?

जमवायला काय लागतं? प्रत्येक घळीच्या, धबधब्याच्या, ओढा ओलांडायच्या जागी कातळावर तीन पट्टे: पांढरा, पिवळा, लाल. पांढऱ्याच्या खाली पाणी असेल तर जा. पिवळ्याला टेकलं तर आत आहेत त्यांना बाहेर काढा, नवीन सोडू नका. लाल दिसेनासा झाला तर त्या दिवसाचा विषय संपला. सोबत वर सड्यावर एक साधा पर्जन्यमापक आणि एक वॉकीटॉकी. वरचा माणूस सांगेल, "पडायला लागला." खालचा शिट्टी मारेल. वर पडल्यापासून खाली पाणी यायला किती वेळ लागतो, हे प्रत्येक ओढ्याचं वेगळं असतं आणि ते गावातल्या माणसाला ठाऊक असतं. कुठं पाऊण तास मिळतो, कुठं एक विडी ओढून होईस्तोवर.

हा अधिकार गावाच्या समितीला लेखी द्या. आज आमची समिती प्रवेश शुल्काची पावती फाडू शकते, पण माणूस परत पाठवू शकत नाही. परत पाठवला तर तो विचारतो, "आदेश दाखव." आदेश तर एक तारखेपासूनचा. तालुक्याला फोन लावेपर्यंत तो दरीत उतरलेला असतो. आमची गावं पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्यात येतात, ग्रामसभेला अधिकार आहेत असं शिबिरांत ऐकतो. मग त्यातला एवढा एक अधिकार तरी पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या खिशात कागद म्हणून असू द्या, तुमच्या सहीचा.

आता कळीचा मुद्दा, जो कुठल्याच बैठकीत निघत नाही. बंद करायचं ते ज्यानं, त्याचंच पोट उघडं ठेवण्यावर आहे. पावती, पार्किंग, जेवण, तंबू, वाटाड्याचा रोज, सगळं उघड्या दिवसाचं. मी त्या शनिवारी आईचं ऐकलं नाही ते अकरा ताटांपायी. मी काही फार लोभी माणूस नाही. डाळीच्या पिठाचे पैसे किराणावाल्याला द्यायचे होते. ज्याला आपण "धोका ओळख आणि बंद कर" म्हणतो, त्याचा त्या दिवसाचा रोज आपण कापतो, आणि वर त्यालाच बेजबाबदार म्हणतो.

म्हणून बंद दिवसाचा रोज द्या. प्रवेश शुल्कातले माणशी दहा रुपये बाजूला टाकले, तर पाचशे माणसांच्या एका शनिवारी पाच हजार पडतात. पावसाळ्यात बंद ठेवायची वेळ आली की त्या पेटीतून पट्ट्याशी उभे राहणारे, वर सड्यावर बसणारे आणि ज्यांची ताटं फुकट गेली ती घरं, यांना ठरलेला रोज. पेटी अपुरी पडली तर सरकारनं भर घालावी. काम मागणाऱ्या हाताला काम आणि रोज देण्याचा, रोजगार हमीचा कायदा १९७७ साली याच महाराष्ट्रानं केला होता, आणि इथं तर काम आहे. माणसं परत पाठवणं हे दिवसभराचं काम आहे, शिव्या खाण्यासकट.

याच्याच दुसऱ्या टोकाला शहरातले आयोजक आहेत. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ साली आलं, नोंदणी सक्तीची झाली. नोंदणी नसलेले किती येतात ते आम्ही मोजत नाही, मोजायला गेलो तर जेवायला कुणी उरणार नाही. पण एक अट त्यात घाला : गावानं बंद केलं तर पैसे परत नाहीतर दुसरी तारीख. "नो रिफंड" लिहिलेल्या बॅचचा लीडर दरीच्या तोंडाशी उभा राहून माझ्याशी जी हुज्जत घालतो, ती त्याची नसते, त्या दोन शब्दांची असते.

काजव्यांचंही यातच येतं. मेच्या मध्यापासून पाऊस धरेपर्यंत आमच्याकडच्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभळीवर ते उतरतात, आणि भंडारदऱ्याच्या बाजूला रात्री गाड्यांची रांग लागते. काजवा बहुतेक आयुष्य अळी म्हणून मातीत, गोगलगायी खात काढतो. पंख फुटल्यावर मिळतात जेमतेम दोन-तीन आठवडे. तेवढ्यात जोडीदाराला उजेडानं हाक मारायची, आणि समोर हेडलाइट. पूर्वी पाच-सहा शनिवार मिळायचे तेव्हा गर्दी पसरायची. पाऊस मेमध्येच धरला की तेवढीच गर्दी दोन शनिवारांत कोंबली जाते. म्हणून मर्यादा हंगामाची नको, रात्रीची हवी : एका रात्री इतक्याच गाड्या, बाकीच्या गावाबाहेर. महोत्सवाच्या तारखा आधी छापू नका. काजवे काही शनिवार बघून येत नाहीत.

उन्हाळ्याचं थोडक्यात सांगतो. एप्रिल-मेमध्ये अकरा ते चार गड चढू देऊ नये, आणि टाक्यातलं पाणी संपलं की मुक्काम बंद. ते पाणी रानातल्या जनावरांचंही आहे. वणव्याचं मात्र थोडं जास्त बोलायला हवं. ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीला डोंगर उतरणारे ट्रेकर वणव्यात सापडले आणि वीसहून जास्त जीव गेले. तिथल्या सरकारनं पुढं ट्रेकिंगचे नियम केले, आणि २०२४ मध्ये चाळीस मार्गांची योजना काढली, ऑनलाइन नोंदणीची, स्थानिक आदिवासी वाटाड्यांसकट. वणव्याच्या दिवसांत ते मार्ग बंद असतात. आपल्याकडं गवत फेब्रुवारीतच कोरडं व्हायला लागलंय आणि आग अडवायच्या जाळरेषा काढायच्या राहिल्यात, तरी तंबूंशेजारी शेकोट्या चालूच. आमचाही दोष आहे, लपवत नाही. भाताच्या रोपांसाठी राब भाजताना आग हातची सुटते, पूर्वी दव असायचं म्हणून विझायची. आता विझत नाही. आमच्या राबाला आणि त्यांच्या शेकोटीला एकच नियम लावा, म्हणजे दोघांनाही बोलायला जागा राहणार नाही.

जुलै २०२५ मध्ये आपले अकरा किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी जागतिक वारशाच्या यादीत गेले. आनंद झाला, गावात पेढे वाटले. साल्हेर, राजगड, लोहगडाच्या वाटेवर आता किती पावलं वाढतील ते सांगायला ज्योतिषी नको. भिजलेल्या वाटेवर हजार बूट पडले की वाट राहत नाही, ओहोळ होतो. पुढच्या पावसात तोच ओहोळ माती घेऊन खाली भाताच्या खाचरात येतो, हे मी माझ्या खाचरात बघितलंय. दोन वर्षं त्यातली माती उपसतोय.

शेवटची विनंती. यंदाच्या पावसाआधी एका जागेवर हे करून बघू द्या, सगळ्या सह्याद्रीवर नको. वर ज्या घळीचं नाव लिहिलं नाही तिथं आम्ही सहा जणांनी मिळून पट्टे काढलेत. पांढरा चुन्याचा, लाल गेरूचा, पिवळा घरी उरलेल्या ऑइलपेंटचा. लाल पट्टा कुठं काढायचा यावर दोन दिवस वाद झाला. शेवटी त्या शनिवारी ज्या टप्प्यावर बसलो होतो, त्याच्या हातभर खाली काढला. अभयारण्यातल्या कातळावर विनापरवाना रंग लावला म्हणून दंड होत असेल तर तो भरतो, पण पावती द्यायला कुणी साहेब स्वतः या. पट्टे बघा, वर सड्यापर्यंत चला, आईलाही विचारा. जेवायला थांबणार असाल तर आदल्या दिवशी कळवा, भाकऱ्या मोजून होतात.

आपला,
पायथ्याच्या गावातला एक वाटाड्या